कुंपण शेत खातं तेव्हा

दहावीच्या परीक्षेबरोबर माझा आणि विज्ञानाचा संबंध सुटला. पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कवितेच्या नादाला लागलो तो लागलोच. त्यामुळे आज मी शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीविषयी आणि तिच्या बिघाडांविषयी बोलणार आहे, हे ऐकून माझ्या मित्रांना हसू येईल. पण कारण घरातलंच आहे. माझी भाची विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. सुटीत ती आमच्याकडे आली होती. एका दुपारी एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘‘मामू, तुम्ही कवी आहात ना? मग या दोन शब्दांना मराठीत शब्द द्या बघू.’’

शब्द लॅटिन होते : हॉरर ऑटोटॉक्सिकस. ‘स्वतःच्याच विषाची धास्ती’ असं काहीतरी मी जुळवून दिलं. ती हसली आणि म्हणाली, ‘‘या दोन शब्दांपायी अम्मीसारख्या बायकांचा आजार नेमका काय आहे, हे कळायला जगाला पन्नास वर्षं लागली.’’

तिची अम्मी म्हणजे माझी आपा, थोरली बहीण. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवसभर कामाला वाघ असलेली आपा अचानक थकायला लागली. भर मे महिन्यात तिला थंडी वाजायची. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, केस मूठमूठभर जायचे. सासरी म्हणाले, आळशी झाली. शेजारच्या बाईंनी सांगितलं, नजर लागली. दंडाला तावीज बांधून झाला. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘‘बाई, टेन्शन घेऊ नका, हे सगळं मनाचं आहे.’’ अशी तीन वर्षं गेली. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी तिच्या गळ्याला हात लावून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं आणि निदान झालं : हाशिमोतो थायरॉइडायटिस. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आपाच्याच शरीराची प्रतिकारशक्ती पोखरत होती.

घरी येऊन मी हे अम्मांना समजावून सांगितलं. माझी आई शाळेत गेलेली नव्हती. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘अपनाच खून अपनेकू खाता क्या? ऐसा कैसा होयेंगा?’’ आपलंच रक्त आपल्याला कसं खाईल? असं कसं होईल?

भाचीचं पुस्तक वाचताना माझ्या लक्षात आलं की, विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत मोठमोठे प्राध्यापक नेमका हाच प्रश्न विचारत होते. फरक एवढाच की, अम्मांनी तो प्रश्न म्हणून विचारला. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी तो उत्तर म्हणून वापरला.

गोष्ट सुरू होते जर्मनीत. 1890 साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की, घटसर्पाचं किंवा धनुर्वाताचं विष जनावराला थोडं थोडं टोचत गेलं, तर त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. या उताऱ्याला पुढे प्रतिपिंड म्हणजेच अँटिबॉडी हे नाव मिळालं. मग शास्त्रज्ञांनी सपाटाच लावला. एका प्राण्याचं रक्त, दूध, पेशी दुसऱ्या प्राण्याला टोचायच्या आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात का ते पाहायचं. जवळजवळ प्रत्येक वेळी ती होत.

पॉल एर्लिख हा त्या काळातला फार मोठा माणूस. त्याला आणि त्याचा सहकारी मॉर्गेनरोथ याला 1900 च्या सुमारास प्रश्न पडला, शेळीला शेळीचंच रक्त टोचलं तर? त्यांनी तसं केलं. शेळ्यांच्या रक्तात दुसऱ्या शेळ्यांच्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडं तयार झाली. पण स्वतःच्या पेशी फोडणारी प्रतिपिंडं मात्र एकीच्याही रक्तात मिळाली नाहीत. यावरून एर्लिखनं म्हटलं, शरीराला स्वतःवर विषप्रयोग करण्याची जणू धास्ती असते. तीच ही ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’.

आता इथे एक बारकावा आहे, आणि सगळी गोष्ट त्या बारकाव्यावर उभी आहे. असं कधी घडणारच नाही, असं एर्लिख म्हणाला नव्हता. शरीरात काहीतरी आवर घालणारी व्यवस्था असली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. ती व्यवस्था ढासळली तर काही रोगांचा उलगडा त्यातून होऊ शकेल, हेही त्यानं सुचवून ठेवलं होतं. पण एर्लिखला 1908 साली नोबेल पारितोषिक मिळालं, त्याच्या नावाचा दबदबा वाढला आणि मागे उरलं ते अर्धंच वाक्य : शरीर स्वतःवर उलटत नाही. आपल्याकडे गुरूच्या तोंडचं अर्धं वाक्य शिष्य जपून ठेवतात आणि ‘पण’नंतरचं विसरतात. तिकडेही तसंच झालं.

पुरावे मिळत नव्हते असं नाही. 1904 साली व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर या दोघांनी एक विचित्र आजार तपासला. थंडीत फिरून आलं की या रोग्यांची लघवी काळपट-लाल व्हायची. गारठ्यात त्यांच्या रक्तातलं एक प्रतिपिंड त्यांच्याच तांबड्या पेशींना चिकटे आणि शरीराला पुन्हा ऊब मिळाली की त्या पेशी फुटत. हा लँडस्टायनर म्हणजे रक्तगट शोधून काढणारा. माणूस लहानसहान नव्हता. तरीही हा शोध अपवाद म्हणून बाजूला पडला.

1912 साली जपानमधल्या क्यूशू विद्यापीठातले तरुण शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींवर जर्मन भाषेत एक निबंध लिहिला. गळ्याला गाठ म्हणून या बायकांवर शस्त्रक्रिया झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्या ग्रंथी पांढऱ्या पेशींनी खच्चून भरलेल्या. म्हणजे शरीराचे शिपाईच तिथे ठाण मांडून बसले होते. ते तिथे का आले, याचं उत्तर त्या काळात कुणाकडेच नव्हतं. हाशिमोतो पुढे आपल्या गावी परतले, गावचे डॉक्टर म्हणून राहिले आणि 1934 साली विषमज्वरानं वारले. त्यांनी पाहिलेल्या रोगाचं कारण समजायला आणखी बावीस वर्षं जायची होती.

तिसरा पुरावा तर आपल्या अगदी जवळचा आहे. पिसाळलेला कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ही धास्ती माझ्या पिढीला चांगली आठवत असेल. आमच्या आळीत एका मुलाला ती घ्यावी लागली होती आणि आम्ही पोरं कित्येक दिवस कुत्र्यापेक्षा त्या सुईलाच घाबरत होतो. या लसीची मूळ कल्पना लुई पाश्चरची, 1885 सालची. पाश्चरनं पिसाळरोग झालेल्या सशाचा मज्जारज्जू वापरला होता. पुढे हिमाचलातल्या कसौली इथे डेव्हिड सेम्पल यांनी 1911 च्या सुमारास मेंदूच्या ऊतीपासून, रोगाचे विषाणू मारून, लस तयार केली. आपल्याकडे ती मेंढीच्या मेंदूपासून बनवली जाई. या लशींनी असंख्य जीव वाचवले. पण थोड्या लोकांना लस घेतल्यावर काही दिवसांनी अर्धांगवायू व्हायचा. पिसाळरोग झालेला नसतानाही.

का व्हायचा? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या टॉमस रिव्हर्स यांनी 1930 नंतरच्या दशकात याचा छडा लावायचं ठरवलं. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. त्यात रोगाचा विषाणू नव्हता. तरीही काही माकडं लुळी पडली. परक्या मेंदूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती माकडाच्या स्वतःच्या मेंदूवर उलटली होती. कुंपणानं शेत खाल्लं होतं. (ती जुनी लस आपल्याकडे या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बंद झाली. आता दंडात घ्यायची नवी लस असते, तिच्यात मेंदूचा अंश नसतो. कुत्रा चावला तर ती घ्यायला क्षणाचाही उशीर करू नका.)

इतकं होऊनही विद्यापीठांतली हवा बदलली नाही. ती बदलली अमेरिकेतल्या बफेलो इथे. आणि ज्यानं ती बदलली, तो एर्लिखच्याच घराण्यातला होता.

गाण्यात जसं घराणं असतं, तसं विज्ञानातही असतं. एर्लिखचा शिष्य हान्स साक्स आणि साक्सचा शिष्य अर्न्स्ट विटेब्स्की. विटेब्स्की जन्मानं ज्यू. 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि विटेब्स्कींना जर्मनी सोडावी लागली. जिथे जन्मले, शिकले, त्याच देशानं त्यांना परकं ठरवलं. हा माणूस जन्मभर शोधत होता ते मात्र हेच की, शरीर आपलं कोणतं आणि परकं कोणतं हे ओळखतं कसं. हे वाचताना मी थबकलो. पण माझ्या भाचीनं लगेच बजावलं, ‘‘मामू, पेशींना राजकारण शिकवू नका.’’ म्हणून पुढे जातो.

1951 साली विटेब्स्कींच्या प्रयोगशाळेत नोएल रोझ नावाचा तरुण संशोधक दाखल झाला. प्रत्येक अवयवाची स्वतःची अशी रासायनिक खूण असते, तिचा अभ्यास त्याला करायचा होता. त्यासाठी त्यानं थायरॉइडमधलं एक प्रथिन निवडलं आणि सशांचं प्रथिन सशांनाच टोचून पाहिलं. एर्लिखच्या नियमाप्रमाणे काहीच घडायला नको होतं. पण प्रतिपिंडं तयार झाली.

विटेब्स्कींना ते पटेना. आपल्या गुरूच्या गुरूचा नियम एक पोरगा आणि चार ससे कसा मोडतील? शंका घ्यायला जागाही होती. कदाचित दुसऱ्या सशाचं प्रथिन थोडं वेगळं असेल. मग रोझनं सशाची अर्धी थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेनं काढली, तिचा अर्क केला, तो प्रतिकारशक्तीला डिवचणाऱ्या तेलकट मिश्रणात घालून त्याच सशाला परत टोचला. आता परकं म्हणायला काही उरलंच नव्हतं. तरीही प्रतिपिंडं तयार झाली. इतकंच नव्हे, तर सशाच्या गळ्यात राहिलेली उरलेली अर्धी ग्रंथी पाहिली, तेव्हा ती पांढऱ्या पेशींनी भरून गेली होती. हाशिमोतोंनी 1912 साली त्या चार स्त्रियांच्या ग्रंथींत जे पाहिलं होतं, तसंच चित्र.

यानंतर विटेब्स्कींनी जे केलं, त्याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांनी पोराला गप्प बसवलं नाही, आणि घाईनं जगापुढेही ठेवलं नाही. प्रयोग पुन्हा पुन्हा केले गेले. चूक कुठे असू शकेल ते शोधलं गेलं. काही वर्षं अशी गेल्यावर 1956 साली निबंध छापला गेला. घराण्याचा नियम मोडल्याची कबुली घराण्याच्याच वारसानं दिली. आणि पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक काम केलं. एखादा रोग शरीराच्या स्वतःवरच्या हल्ल्यामुळे होतो असं म्हणायचं असेल, तर कोणते पुरावे हवेत, याच्या कसोट्याच त्यांनी घालून दिल्या. विद्यार्थ्यांना त्या आजही शिकवल्या जातात. एकदा नियम मोडला म्हणून आता काहीही चालेल, असं त्यांनी होऊ दिलं नाही.

योगायोग असा की, त्याच 1956 साली लंडनमध्ये दुसऱ्या दिशेनं हेच दार उघडलं गेलं. मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेबोरा डोनियाक नावाच्या डॉक्टर होत्या. हाशिमोतोच्या रोग्यांच्या रक्तात एका प्रकारची प्रथिनं फार वाढलेली असतात आणि ग्रंथी काढून टाकली की ती उतरतात, ही गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. प्रतिपिंडं याच प्रकारच्या प्रथिनांत मोडतात. मग ती कशाविरुद्ध तयार होत असतील? त्यांनी आयव्हन रॉइट आणि पीटर कॅम्पबेल या सहकाऱ्यांसह रोग्यांच्या रक्ताचा द्रव आणि माणसाच्या थायरॉइडचा अर्क एकत्र आणून पाहिला. दोन्ही एकमेकांना भिडले आणि साका तयार झाला. रोग्यांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं होती. बफेलोत जे सशात दिसलं, ते लंडनमध्ये माणसात दिसलं.

या रॉइट यांनी पुढे 1971 साली विद्यार्थ्यांसाठी प्रतिकारशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं. भाचीनं ते ग्रंथालयातून आणलं होतं. तिला मी म्हटलं, ‘‘बेटा, तुझ्या अम्मीच्या गोळीमागे या माणसाचाही हात आहे.’’

पुढचा काळ झपाट्याचा आहे. ऑस्ट्रेलियातले मॅक्फार्लेन बर्नेट यांनी मांडलं की, आपलं काय आणि परकं काय हे शरीर जन्मतः जाणत नाही, ते शिकतं. इंग्लंडमधल्या पीटर मेडावर यांनी 1953 साली उंदरांवर ते सिद्ध करून दाखवलं. उंदराच्या पिल्लाला जन्मण्याआधीच दुसऱ्या उंदराच्या पेशी दिल्या, तर मोठेपणी त्या उंदराची कातडी त्याला परकी वाटत नाही. या दोघांना 1960 साली नोबेल मिळालं. 1963 साली इअन मॅके आणि बर्नेट यांनी स्वतःवरच उलटणाऱ्या या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. काल जे अशक्य होतं, त्याचा आता विद्यापीठात धडा झाला. संधिवाताचा एक क्रूर प्रकार, ल्युपस, लहान मुलांचा मधुमेह, मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा मल्टिपल स्क्लेरोसिस, असे कितीतरी रोग हळूहळू या एका छताखाली आले. या रोग्यांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा खूप जास्त असते. ‘सगळं मनाचं आहे’ हे वाक्य बायकांनाच का जास्त ऐकावं लागलं, याचं एक कारण मला इथे सापडलं.

पण मग एर्लिख साफ चुकला होता का? इथे गोष्ट परत वळण घेते. पुढे असं दिसून आलं की, स्वतःविरुद्धची थोडीफार प्रतिपिंडं धडधाकट माणसांच्या रक्तातही असतात. स्वतःवर उलटू शकणाऱ्या पेशी तुमच्या-माझ्या सर्वांच्या अंगात आहेत. मग सगळेच आजारी का पडत नाहीत? त्यांना आवरतं कोण?

जपानमधले शिमोन साकागुची याच प्रश्नाच्या मागे होते. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते. प्रतिकार करणाऱ्या टी पेशी तिथे तयार होतात. उंदराच्या पिल्लाची ही ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर प्रतिकारशक्ती कमी व्हायला हवी. होतं उलटंच. पिल्लाचं शरीर स्वतःच्या अवयवांवर तुटून पडतं. म्हणजे त्या ग्रंथीतून केवळ शिपाई नव्हे, तर शिपायांना आवरणारेही बाहेर पडत असले पाहिजेत. तो काळ असा होता की, आवरणाऱ्या पेशींवरचं आधीचं संशोधन टिकलं नव्हतं आणि त्या विषयाचं नाव काढलं की लोक मान फिरवत. साकागुचींनी धीर सोडला नाही. 1995 साली त्यांनी त्या पेशी ओळखून दाखवल्या. 2001 साली अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका रोगट उंदराच्या जातीत बिघडलेला जनुक शोधला. त्याच जनुकाच्या बिघाडानं लहान मुलांना एक भयंकर आजार होतो. या आवरणाऱ्या पेशी घडतात त्या याच जनुकाच्या हुकमावर, हे पुढे सिद्ध झालं. 2025 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

एर्लिखनं शंभर वर्षांपूर्वी म्हटलेली आवर घालणारी व्यवस्था खरोखरच होती. त्याचं पूर्ण वाक्य बरोबर होतं. जगानं पाठ केलेलं अर्धं वाक्य चुकीचं होतं. त्या अर्ध्या वाक्याची किंमत कुणी मोजली? ज्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत, अशा लाखो रोग्यांनी.

आज आपा रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटीशी गोळी घेते. ग्रंथी जे बनवू शकत नाही, ते ही गोळी पुरवते. रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून ती सहरीच्या आधी अर्धा तास उठते, गोळी घेते आणि मग सगळ्यांना उठवते. तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा खणखणीत झाला आहे. हल्ला मुळातून थांबवणारं औषध तिच्या आजारावर अजून नाही. पण तिला कुणी आळशी म्हणत नाही, आणि माझ्या मते अर्धा इलाज त्यातच आहे. आपल्या घरातली बाई सारखी थकते, गारठते, असं सांगत असेल, तर तिला नावं ठेवण्याआधी एकदा डॉक्टरांकडे न्या. रक्ताची एक तपासणी पुरते.

भाची सुटी संपवून परत निघाली, तेव्हा तिनं विचारलं, ‘‘मामू, शब्दाचं काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘बेटा, मला जमला नाही.’’ पुस्तकी शब्द आहे, स्वयंप्रतिरक्षा. तो तिनं वहीत लिहून घेतला. त्याच्याखाली तिनं अम्मांचं, म्हणजे तिच्या नानीचं, वाक्य लिहिलं : अपनाच खून अपनेकू खाता क्या? आणि पुढचं प्रश्नचिन्ह जरा मोठं काढलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)